खालच्या फळीवरची लेन्स

नाही, ती नाही — खालच्या फळीवरची सोडून बोला. पाटी लावलीय, हो, ‘विकणे आहे’ — अक्षर माझ्या बायकोचं आहे, तिच्याशी बोला. तुम्ही आधी सांगा, फोटो कशाचे काढायचेत? पक्ष्यांचे. आणि? मुलाच्या फुटबॉलचे. सगळे असंच म्हणतात — सकाळी तळ्यावर खंड्या, संध्याकाळी मैदानावर मुलगा, मधे ऑफिस. बरं, ही नवीवाली लेन्स धरा, कॅमेऱ्यावर बसवलेलीच आहे. दोन किलो आहे. डोळ्याला लावा आणि समोरच्या शिंप्याच्या पाटीवरचा फोन नंबर वाचा — नाचतोय ना? तुमचा दोष नाही, सहाशे मिलिमीटरला ओढली, म्हणजे लांबचं एवढं जवळ आणलं, की नुसता श्वास घेतला तरी भूकंप होतो. आमचे एक दातांचे डॉक्टर अशीच घेऊन गेले, हट्टाने, तीनशे फोटो काढून आणले — तीनशेही पक्ष्यांच्या पार्श्वभागाचे. पक्षी उडाल्यावर यांचं बोट दाबलं जायचं. तर पक्ष्यांसाठी सहाशे ठीक, पण खाली एक दांडा हवा टेकवायला, आणि धीर हवा, तो मी विकत नाही. फुटबॉलला ही छोटी, सत्तर-दोनशे मिलिमीटरची घ्या. उजेड जास्त आत घेते, संध्याकाळी पोरगं धुरकट येत नाही. आणि हातात हलकी, गोल झाला की टाळ्या वाजवता येतात.

परत तिकडेच बघताय. एकही ओरखडा नाही, बरोबर, माझीच आहे ती. चार वर्षं वापरलीय — मुलीच्या शर्यतींना. चारशे मीटर पळते. मी मैदानाच्या टोकाला, शेवटच्या रेषेच्या बरोबर समोर बसायचो, ती अंगावर धावत येतेय असा फोटो मिळतो. आता एक गोष्ट नीट ऐका, वीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतोय — लांबून ओढलेल्या फोटोत मागचा माणूस पुढच्याला चिकटतो. दहा पावलांचं अंतर असेल तर एक दिसतं, एक पाऊल असेल तर दिसतच नाही. हे कोणाला माहीत? मला. आणि गेल्या वर्षी पंचांच्या टेबलावर कॅमेरा आपटून, हा फोटो बघा, माझी मुलगी पहिली आहे, तुमचे डोळे तपासून घ्या, असं पाव तास कोण ओरडत होतं? मीच की. पंच बिचारे शाळेतले पीटीचे सर, म्हणतात, साहेब, रेषेच्या बाजूने बघावं लागतं. मी त्यांना लेन्स म्हणजे काय ते शिकवायला लागलो. तेवढ्यात मुलगी आली, धापा टाकत, सगळ्यांसमोर म्हणाली, बाबा, मी दुसरी आले, मला माहितीय, चला आता. लाज वाटली. अजूनही वाटते. तिला माझ्याहून जास्त वाटली असणार, कारण त्यानंतर मला एकाही शर्यतीला येऊ दिलं नाही.

आज आहे ना तिची शर्यत. साडेचारला, शाळेतली शेवटची. तिच्या आईकरवी निरोप आलाय — यायचं तर रिकाम्या हातांनी यायचं. म्हणून ती पाटी. दहा दिवसांत चार गिऱ्हाइकं आली, चौघांनाही मीच परतवलं, एकाला तर आत बुरशी आहे म्हणून सांगितलं. काय करू? खरं सांगू का, लेन्सशिवाय मी तिला पळताना कधी पाहिलेलंच नाही. पायरीवर नुसतं बसायचं, हात मांडीवर — आणि ती मागे पडायला लागली तर डोळे कुठे लपवायचे? कॅमेऱ्यामागे बरं असतं, निदान काहीतरी फिरवता येतं.

किती वाजले? चार? — ही घ्या, खालच्या फळीवरची. पिशवीसकट. नाही, सत्तर-दोनशे उद्या बघू, आता ही घेऊन तळ्यावर जा. विकत नाही म्हटलं ना, वापरायला देतोय. उद्या आणा. दुकानात राहिली तर मी अर्ध्या रस्त्यातून हिच्यासाठी परत येईन, मी मला ओळखतो. पत्ता नको, फोन नंबर नको — लिहीत बसू नका. आभार कसले मानताय, निघा साहेब, मला शटर ओढायचंय.