वाळूच्या ढिगावरची मर्यादवेल

आम्ही मूळचे वैजापूरकडचे, पोलीस ॲक्शननंतर वडील शहरात आले, सरकारी बंगल्यावर माळी लागले, मागून मी लागलो, काळी माती आन् शेणखत, यापलीकडं आम्हाला काय ठावं. बायको मात्र खाडीकाठची. तिचा मामा औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानात होता, त्यानं जमवलं. लगीन झालं, पण काय सांगू तुम्हाला, ही इथं असून नसायची. चुलीपुढं बसली तरी नजर लांब, जसं काय अंगणापलीकडं पाणीच हाय. एकदा माहेराहून ओल्या फडक्यात मर्यादवेलीचं कांडं घेऊन आली. खाडीचा चिखल संपून वाळू लागते तिथं पसरते म्हणाली, शेळीच्या खुरासारखं पान, जांभळं फूल. ही इथं फुलली तर मी राहीन, नाहीतर मामाला सांगीन, पोचव मला.

आता मी गुलाबाचा बक्षीसवाला माणूस, साहेबाच्या हातचं सर्टिफिकीट फ्रेममधी. साहेबाला गुलाब आन् कण्हेर यातला फरक मीच सांगायचो, ती गोष्ट निराळी. बंगल्यामागं आमच्या खोलीपुढं खड्डा घेतला, शेणखत भरलं, दोन टाइम पाणी. वेल माजली हो, पानंच पानं, फूल नाय. दुसऱ्या वर्षी आणखी खत. ही म्हणाली, अहो, ते सर्टिफिकीट दाखवा तिला, लाजून तरी फुलेल.

तवा पुंडलिकनगरात आमचं सोताचं घर बांधायचं चाललं होतं, भिंती उभ्या, गिलाव्यासाठी गोदावरीची वाळू टाकलेली. हिनं एक फाटा त्या ढिगात खोचला. मी म्हणलं, अगं उपाशी मरंल. म्हणाली, तिकडे तिला कोण जेवायला घालतं?

बांधकाम मधी थांबलं, मी ध्यानातून काढून टाकलं. पुढं गवंडी घमेलं घेऊन आला आन् मलाच हाक मारली, काका, वाळू काढू कुठून? जाऊन बघतो तर ढीग सगळा झाकलेला, वर जांभळी फुलं, आन् ही सकाळच्या उन्हात पाय वाळूत खुपसून, डोळे मिटून बसलेली. मला वाटलं, तिच्या पायाशी पाणी येतंय, जातंय. खारा वास बी आला, हसा तुम्ही. डोळे न उघडताच म्हणाली, अहो, मामाला काही सांगू नका.

गवंड्याला म्हणलं, जा बाबा, नाय करायचा गिलावा.

लई वर्षं झाली त्याला. अख्ख्या गल्लीत आमच्याच घराच्या विटा उघड्या. सून म्हणती, पाव्हणे काय म्हणतील? म्हणू देत. फुलं सकाळी उघडत्यात, उन्हं चढली की मिटत्यात, तवर म्हातारी तिथं बसती, मी बी शेजारी, वहाणा काढून. खत मातूर अजून घालू देत नाय.