खुळखुळणारे पार्सल

मी, खाली सही करणारा, गल्लीत टपालदादा म्हणून सर्वांच्या ओळखीचा, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (पोस्टमन), राहणार पोस्ट ऑफिसच्या मागे, जिन्याखालची खोली, आज रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून, हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी व सासूबाई यांच्यासह राहतो. टपाल वाटण्याखेरीज ऑफिसात आलेली पार्सले तपासण्याचे कामही माझ्याकडे आहे. पार्सल कानाशी धरून हलवायचे. आतून आवाज आला तर वस्तू फुटली असे समजून 'नादुरुस्त' असा शिक्का मारायचा आणि परतीच्या पोत्यात टाकायचे. आवाज आला नाही, तरच ते कोणाचे आहे हे वाचायचे. फुटकी वस्तू दारात नेली की शिव्या पोस्टमनलाच बसतात, म्हणून आमच्याकडे ही पद्धत पडली. माझे कान तिखट आहेत व आज दुपारपर्यंत मला त्यांचा अभिमान होता.

कोपऱ्यावरच्या घरात निवृत्त बँडमास्तर व त्यांच्या पत्नी राहतात. पत्नीला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. बँडमास्तर ट्रम्पेट वाजवतात. त्यांची कवळी मोडल्याने ती त्यांच्या दातांच्या जुन्या डॉक्टरांकडे परगावी दुरुस्तीला पाठवली होती. कवळीशिवाय ट्रम्पेटमधून सूर निघत नाही, नुसती हवा निघते, असे मास्तरीणबाईंनी मला अनेकदा सांगितले. त्यांचा जुना बँड बंद होत असून आज संध्याकाळी सहा वाजता बागेत त्याचा शेवटचा कार्यक्रम आहे, हेही त्यांनी मला अनेकदा सांगितले. त्यांनी डॉक्टरांकडे फोन केला की कंपाउंडर म्हणायचा, "पाठवली." मला विचारले की मी म्हणायचो, "आली नाही, उद्या बघू." दोन्ही उत्तरे खरी होती.

आज सकाळी मी त्यांच्या दारात गेलो असता मास्तरीणबाई नेहमीप्रमाणे ओरडल्या नाहीत. "या, चहा घ्या," असे गोड आवाजात म्हणाल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी स्वयंपाकघरात पाय ठेवताच त्यांनी बाहेरून कडी घातली. त्या वेळी आमच्यात पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

"पार्सल येईपर्यंत तुम्ही आतच."

"अहो मास्तरीणबाई, मी इथं बसलो तर पार्सल आणणार कोण?"

"इतके दिवस मोकळे होतात, तेव्हा काय दिवे लावलेत? आता कोंडून बघते."



आत बँडमास्तर स्टुलावर बसलेले होते. त्यांच्या मांडीवर ट्रम्पेट होती. ते तिचे खटके बोटांनी दाबत होते, पण तोंडाला लावत नव्हते. मला बघून त्यांनी तोंडावर टॉवेल धरला. गेले कित्येक दिवस ते कोणाशी बोललेले नाहीत, असे समजते. चहा होता, तो आम्ही दोघांनी घेतला.

थोड्या वेळाने बेकरीवाल्या मावशी खिडकीशी आल्या. मी आत काय करतो, असे त्यांनी विचारले. मी कोंडला गेलो आहे, असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बरं झालं, सापडलात एकदाचे. माझं पाकीट आहे का?" टपालाची पिशवी माझ्याजवळच असल्याने मी ते खिडकीतून दिले. ही बातमी वाऱ्यासारखी पसरली व खिडकीपुढे रांग लागली. एरवी माझी फेरी दुपारपर्यंत चालते. आज दुसरा चहा गार व्हायच्या आत पिशवी रिकामी झाली. "यांना कायमचं इथेच ठेवा," असे रांगेतून दोन-तीन जण बोलले. ते कोण होते, हे मला आवाजावरून माहीत आहे, पण सांगण्याची इच्छा नाही.

शिंपीकाकांनी ठाण्यात फोन केला, हे खरे आहे. परंतु तो मला डांबून ठेवले म्हणून केला नसून, न्हाव्याने रांगेत मध्येच घुसून आपले टपाल आधी घेतले म्हणून केला.

दुपारची टपालगाडी आल्यावर मी जागेवर नसल्याने पोस्टमास्तरसाहेबांनी पार्सले स्वतः तपासली. साहेबांना ऐकायला कमी येते. त्यामुळे त्यांच्या हाताखालून सगळी पार्सले पास झाली. वाटायला माणूस नाही म्हणून ते स्वतः ती घेऊन निघाले व कोपऱ्यावरच्या घराशी येऊन त्यांनी खिडकीतून एक खोके माझ्या हातात दिले. मी सवयीने ते कानाशी धरून हलवले. आतून खुळखुळ असा आवाज आला.

मी ओरडलो, "साहेब, हे फुटकं आहे! परत पाठवा!"

साहेब म्हणाले, "काय?"

तेवढ्यात बँडमास्तरांनी खोके माझ्या हातातून ओढून घेतले व भाजी चिरायच्या सुरीने उघडले. आत प्लॅस्टिकच्या डबीत कवळी होती. ती अखंड होती. डबी मोठी व कवळी लहान असल्याने ती आत खुळखुळत होती. खोक्यावर आमच्या ऑफिसचे 'नादुरुस्त' असे तीन जुने शिक्के होते. प्रत्येक वेळी परत गेल्यावर डॉक्टर ती तपासत असावेत, मोडलेले काही न सापडल्याने घासूनपुसून पुन्हा पाठवत असावेत. दात फारच चकचकीत दिसत होते.

मास्तरीणबाई खिडकीबाहेर उभ्या होत्या. त्यांनी शिक्के पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "ऑफिसचा नियम आहे," असे मी सांगितले. त्यांनी घड्याळात पाहिले. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

त्याच वेळी पोलीस आले. त्यांनी मला सोडवले, मास्तरीणबाईंना ठाण्यात आणले, आणि भांडणाचे मूळ हेच म्हणून कवळी बँडमास्तरांच्या हातातून घेऊन, कापडी पिशवीत घालून, लाख लावून मुद्देमाल म्हणून जप्त केली. बँडमास्तरांनी ती अजून तोंडात घातलेली नव्हती.

सदर खिडकीला गज नाहीत व ती जमिनीपासून कमरेएवढ्याच उंचीवर आहे, तर मी उडी मारून का गेलो नाही, असे विचारले असता मी सांगतो की, ते माझ्या सकाळीच लक्षात आले होते. पण बँडमास्तरांची बोटे आवाज न करता एकच गाणे पुन्हा पुन्हा वाजवत होती. ते कोणते, हे मला ओळखायचे होते. ओळखता आले नाही.

माझी मास्तरीणबाईंविरुद्ध काहीही तक्रार नाही. मी कोंडला गेलो म्हणूनच पार्सल पोहोचले, हे मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सांगतो. त्या बाहेर बाकावर बसून घड्याळाकडे बघत आहेत. पाच वाजून गेले आहेत. त्यांना ताबडतोब सोडावे व मुद्देमाल माझ्या ताब्यात द्यावा, ही विनंती. मघाशी हवालदारसाहेबांनी पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा आतून आवाज आला. तो मी नीट ऐकला आहे. काही फुटलेले नाही, अशी मी माझ्या कानांवरून खात्री देतो.

माझी सायकल बाहेरच आहे. बँडमास्तर ट्रम्पेट घेऊन बागेत गेले आहेत व बाग इथून लांब नाही. सदर पार्सल मी स्वतः बँडमास्तरांच्या हातात देईन. उद्यावर ढकलणार नाही. वाटेत हलवणारही नाही.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच व खरा आहे. सही कुठे करायची, ते लवकर दाखवावे.