कुटलेली गोळी

आई : हं, पुढे बोल. औषध आतड्यातून रक्तात गेलं. मग?

मुलगी : मग यकृत त्याची मोडतोड करतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. म्हणून काही औषधं दिवसातून तीनदा द्यावी लागतात. आधीचं संपत आलं की पुढचं.

आई : म्हणजे कढईतलं तेल आटलं की वरून पुन्हा घालायचं.

मुलगी : उद्या तोंडी परीक्षेत हेच सांगते. मॅडम पेढे वाटतील!

आई : टवाळी पुरे. तुझ्या बाबांना तर सकाळी एकच गोळी असते. ती दिवसभर कशी पुरते?

मुलगी : ती हळूहळू विरघळणारी आहे गं. आतलं औषध थोडं थोडं सुटत राहतं. म्हणून ती अख्खी गिळायची. चावायची नाही, कुटायची तर मुळीच नाही.

आई : कुटली तर?

मुलगी : दिवसभराचं औषध एकदम अंगात. सकाळी रक्तदाब धाडकन खाली येतो, माणसाला चक्कर येते. आणि संध्याकाळी औषध संपलं की दाब पुन्हा वर... आई, गॅस का बंद केलास?

आई : मी रोज कुटते.

मुलगी : काय?

आई : खलबत्त्यात. मधात कालवून देते.

मुलगी : अगं, आणि डॉक्टर म्हणतायत, संध्याकाळी दाब चढतो, गोळी वाढवू या! बाबा म्हणतायत, वय झालं, स्टेअरिंगवर डोकं गरगरतं, उद्या डेपोत सांगून टाकतो, बस दुसऱ्याला द्या. आणि तू तिकडे...

आई : मला काय ठाऊक? मला वाटलं, औषध ते औषध. पोटात गेलं म्हणजे झालं. माझ्या हातानं मी त्यांची नोकरी घालवली की गं!

(बाबा हात पुसत दारात येतात.)

बाबा : तिला बोलू नकोस. मीच कुटायला लावलं.

मुलगी : का पण?

बाबा : गिळता येत नाही मला. घशाशी आली की जीव घाबरा होतो.

मुलगी : आणि हे डॉक्टरांना सांगितलं नाहीत?

बाबा : घाटात पन्नास माणसं घेऊन उतरणारा माणूस मी. एवढ्याशा गोळीला भितो म्हणून सांगू?

आई : मला शपथ घातली होती, पोरीला कळता कामा नये.

मुलगी : उद्या डेपोत नाही, आधी दवाखान्यात जायचं. तोवर बस चालवायची नाही.

बाबा : आणि गोळी?

मुलगी : कुटायची नाही. मनानं बंदही करायची नाही. सकाळी दवाखाना उघडला की पहिला नंबर आपला. गिळता येत नाही म्हटलं की डॉक्टर दुसरं काहीतरी देतील. पातळ औषध असतं, लहान गोळ्या असतात.

बाबा : चक्कर जाईल?

मुलगी : माझ्या मते जाईल. पण मी अजून शिकतेय, बाबा. ते डॉक्टरच सांगतील.

बाबा : हसतील ते.

आई : हसले तर हसले. दात तरी दिसतील मेल्याचे.

मुलगी : मग सांगाल ना?

बाबा : सांगतो.

मुलगी : नक्की?

बाबा : तुझी परीक्षा किती वाजता आहे?

मुलगी : दुपारी. का?

बाबा : नाही, म्हटलं... तू सोबत आलीस तर बरं होईल.