पाला माझ्या हातात होता

ऐका रे सगळे. आणि जावईबापू, तुम्ही आधी बूड टेका बघू. ती गाडीची चावी खिशात घाला. मडकं आत्ता कुठं उपडं घातलंय, पेंढा आत्ता पेटलाय. पोपटी व्हायला अर्धा तास तरी आहे. तेवढ्यात बांधावरून जाऊन कोल्ड्रिंक आणतो म्हणे! बांधावरून जवळ पडतं हे सांगितलं कोणी? ह्या ऋजुतानं? बायकोचं ऐकावं, मी नाही म्हणत नाही. पण दिवेलागण झाल्यावर बांधाचं नाव काढलं तर तिचंही ऐकू नये.

हसा, हसा. थंडी लागली की दातच वाजतात, तेव्हा हसायला सुचत नाही.

मी सहा वर्षांची होते. अशीच पौषातली थंडी. आईबरोबर मामाकडं आलो होतो, ह्याच घरी. काय मजा असायची म्हणून सांगू! सकाळी चुलीवरच्या हंड्यातलं कढत पाणी, अंगाला धुराचा वास. मग अंगणात उन्हाला पाठ करून बसायचं. तांदळाची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा. रात्री आम्ही सगळे एका ओळीत, दोन गोधड्यांत सात जणं. कडेला झोपायचं म्हटलं की भांडणं.

मामा माझा हिराजी. आईचा धाकटा भाऊ. अंगानं आडवा, मनानं लोणी. त्या वर्षी त्याचा पाय जमिनीला लागत नव्हता, कारण माझे बाबा आले होते. बाबा पनवेलला कोर्टात कारकून. लग्नात मानपानावरून जे रुसले, ते सात वर्षं सासरी मुक्कामाला आले नव्हते. आले तेही तोंड फुगवूनच. अंगणात खुर्ची टाकून बसले, शेकोटीपासून चार हात लांब. हसायचं तर नावच नाही. मामाला वाटायचं, एकदा दाजी पोपटी खातील आणि विरघळतील.

मडक्यात भरून भाजायची सगळी तयारी झालेली. वालाच्या शेंगा, बटाटे, कोनफळ, अंडी, ओवा, मीठ. मला मामानं माझं काम नेमून दिलं होतं. मडक्याच्या बुडावर पाणी शिंपडायचं. चर्र वाजलं आणि पाणी तिथल्या तिथं उडालं की पोपटी झाली. तांब्या घेऊन मी दुपारपासून सराव करत फिरत होते. कोंबड्यांवरसुद्धा शिंपडून झालं.

आणि ऐन वेळी कळलं, मडक्यात घालायचा भांबुर्डीचा पालाच आणायचा राहिला. मामाला वाटलं आईनं आणला, आईला वाटलं मामानं. आता पाल्याशिवाय पोपटी म्हणजे काय, शेंगा उकडून खाल्ल्यासारखं. वासच नाही!

माझी आजी, मामाची आई, तुळशीपुढं दिवा लावत होती. ती म्हणाली, "हिराजी, दिवा लागला. आता झाडाला हात लावायचा नाय. केळीचं पान घाल."

मामा म्हणाला, दाजी सात वर्षांनी आलेत, त्यांना केळीच्या पानातली पोपटी घालू? आणि बॅटरी घेऊन निघाला. मी काय सोडते! रडून गाव गोळा केलं. शेवटी मला खांद्यावर घेतलं, कानाला मफलर गुंडाळला आणि चालला बांधावर. वाट कितीशी? इथून बांधाची उघाडी दिसते. समुद्राचं पाणी अडवायची ती दारं, ती. तिथंच भांबुर्डी माजलेली. जाऊन येऊन दहा मिनिटं.

गेलो. मामानं भारा उपटला. पाला धुळीनं माखलेला म्हणून उघाडीच्या पाण्यात बुचकळला आणि तसाच ओला माझ्या हातात दिला. गार पाणी मामाच्या मानेवर टपटपतंय, तो शिव्या देतोय, मी हसतेय. मागं वळलो. आपली शेकोटी दिसत होती. चाललो.

आता नीट ऐका हं. इथपासून मलाच नीट कळलेलं नाही, तर तुम्हांला काय कळणार.

शेकोटी उजव्या हाताला होती. चालता चालता डाव्या हाताला गेली. मामा म्हणाला, वळण असेल. बांधाला कसलं वळण? सरळ आहे, काठी टाकल्यासारखा. थोडं पुढं गेलो तर पुढ्यात उघाडी. तीच. उपटलेल्या पाल्याचा खड्डा तिथंच. मामा परत वळला. शेकोटीकडं तोंड करून, पावलं मोजत चालला. मी त्याच्याबरोबर मोजत होते. तीनशे झाली, आणि पुढ्यात उघाडी.

मग मामानं सदरा काढला, उलटा करून घातला; वाट फिरली की तसं करतात. मला विचारलं, सुगे, थंडी वाजते का गं? मी नाही म्हटलं. वाजत त्यालाच होती. त्याचे खांदे हलत होते, मला वर बसून कळत होतं.

चकवा, बाबांनो. चकवा मारत नाही, धरत नाही. नुसती वाट फिरवतो. माणूसच चालून चालून, नाहीतर खाजणाच्या चिखलात रुतून मरतो.

तेवढ्यात आईची हाक आली. "सुगे, ये गं, पोपटी झाली." आईचाच आवाज. समोरून आला. मामा धावला. मग तीच हाक मागून आली. मग पुन्हा समोरून. मामा मध्येच थांबला, गोल फिरला. आता समोर कुठलं आणि मागं कुठलं, तेही गेलं. बॅटरी मिणमिणायला लागली. आणि समोर, अगदी ह्या पायरीपासून त्या विहिरीइतक्या अंतरावर, शेकोटी! आपलं अंगण. आजी, आई, सगळी.

मामाचा जीव भांड्यात पडला. माझा पण.

आम्ही जाऊन बसलो, मी मामाच्या खांद्यावरच. बाबा खुर्ची सोडून खाली बसले होते, शेकोटीला चिकटून. आम्हांला बघून सरकले आणि हसले. बाबा हसले! मामाचं तोंड असं फुललं म्हणता! तो कुजबुजला, बघ सुगे, विरघळले. मडकं जाळात उपडं घातलेलं होतं. मी हात शेकायला पुढं केले. जाळ मोठा होता, डोळ्यांत लख्ख दिसत होता. हात काही गरम होईनात. अजून पुढं केले. नाही. मला वाटलं, माझेच हात फार गार पडलेत.

आई शेंगा सोलत होती. सोलायची, आत दाणा नसायचा, टाकायची, दुसरी घ्यायची. मान वर करून बघेना.

मग मला एक गोष्ट दिसली. सहा वर्षांचं पोर, त्याला जे दिसतं ते बोलतं. मी म्हटलं, "मामा, पाला तर माझ्या हातात आहे. मग मडकं कसं लावलं?"

मामा म्हणाला, केळीचं पान घातलं असेल आजीनं. पण म्हणताना माझ्याकडं बघत नव्हता. जाळाच्या पलीकडं बघत होता. तिथं एक माणूस पाठमोरा बसला होता. सदरा उलटा, शिवण बाहेर. त्याच्या खांद्यावर एक पोरगी. तिच्या कानाला माझा मफलर.

खोटं सांगत नाही. मफलर माझ्या कानाला होता, मी हात लावून बघितला. आणि तिनंही हात लावून बघितला.

मामाला उठताच येईना. मला म्हणाला, आपण इकडं आहोत का तिकडं, सुगे? असं विचारलं मला! मोठ्या माणसानं! मी काय सांगणार? मला रडू यायला लागलं. काय करावं कळेना, आणि कळेना तेव्हा माणूस आपलं रोजचं काम करतो. माझं काम काय होतं? शिंपडायचं. हातातला ओला भारा मी मडक्यावर झटकला.

आवाज नाही.

थेंब मडक्यावर पडले आणि तसेच राहिले. एवढ्या जाळात! अळूच्या पानावर राहतात तसे टपोरे, गार.

मामानं ते बघितलं. मला खांद्यावरून उतरवून पोटाशी धरलं. पाला माझ्या हातातून घेतला, जमिनीवर ठेवला आणि हात जोडले. "दिवेलागणीनंतर तोडला, चूक माझी हाय. तुझा पाला तुला. मला ठेव हवं तर. पोरगी माझी नाय, बहिणीची हाय, तिला घरी जाऊ दे."

जाळ विझला. विझला म्हणजे फुंकर मारल्यासारखा, निखारासुद्धा मागं राहिला नाही. आम्ही गुडघाभर चिखलात होतो. चार पावलांवर खाडीचं पाणी. आणखी थोडं सरकून बसलो असतो ना, तर तुम्ही आज इथं नसता, आणि हे मडकंही नसतं.

अंधारात मामा हलेना. कुठल्या दिशेला पाय टाकायचा? तेवढ्यात लांबून, अगदी बारीक, आवाज आला. चर्र! पुन्हा एकदा, चर्र! मी म्हटलं, मामा, तिकडं. बॅटरी फेकून दिली त्यानं. डोळे मिटले, खरंच मिटले, आणि त्या आवाजाच्या रोखानं मला उचलून चालत सुटला.

अंगणात आलो तर आजी तांब्या घेऊन मडक्यापाशी उभी. आमचा चिखल बघून आई उठली. तिचं तोंड पांढरं. "हिराजी, आत्ता तर तुम्ही दोघं इथं बसला होता. परत कुठं गेला होता?"

आईनं सांगितलं ते ऐका. पाला आणायला गेलेले आम्ही दोघं म्हणे लगेच परत आलो. हात रिकामे. शेकोटीपासून लांब, अंधारात बसलो. बोलेना. आईनं पोरगीला चटणीचं बोट पुढं केलं, तिनं तोंड फिरवलं. आजीनं मग केळीचं पान घालून मडकं लावलं. मध्ये एकदा पाणी शिंपडून बघितलं, आणि चर्र वाजल्याबरोबर ती दोघं उठून चालती झाली. आजी काय ते समजली. म्हणून ती मडकं तडकायची पर्वा न करता शिंपडतच राहिली.

आणि बाबा? बाबा खुर्चीवरून उठले. शेकोटीजवळ खाली बसले. सरकून आम्हांला जागा केली. मला मांडीवर घेतलं, मामाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हसले, रडू आल्यावर माणूस हसतो तसे.

मामा बघतच राहिला. कारण मघाशीही ते असेच सरकले होते. असेच हसले होते.

त्यानं हात जाळात घातला. भाजला तरी लवकर काढेना. डाग राहिला तो कायमचा.

झालं. सुटलो. पण मामा पुरता सुटला नाही. दर थंडीत पोपटी लागली की मला बाजूला घ्यायचा. लग्न झालं, मला पोरं झाली, तरी. हळूच विचारायचा, "सुगे, आपण त्या शेकोटीवरनं उठलो ना गं?" मी हो म्हणायचे. काय म्हणणार? माझं सगळं चांगलं झालं, घर भरलं, बाबा शेवटपर्यंत दर हिवाळ्याला इथं आले. कधीकधी इतकं चांगलं होतं की मलाच भीती वाटायची.

मामा गेला तोही पौषातच. आतल्या खोलीत, तीन गोधड्या अंगावर. मला जवळ बोलावलं. तेच विचारलं. मी हो म्हटलं. तो म्हणाला, नक्की? तेव्हा मी उठले, चुलीवरचा तापलेला तवा पकडीत धरून त्याच्या खाटेपाशी आणला आणि ओंजळभर पाणी शिंपडलं. चर्र वाजलं. मामानं डोळे मिटले. म्हणाला, "मग बरोबर हाय," आणि हात माझ्या हातात ठेवून झोपला. तो मग उठलाच नाही.

तर जावईबापू, बांधावरून जायचं नाही. आज नाही, उद्या नाही, कोल्ड्रिंकसाठी तर नाहीच नाही. जायचं तर सडकेनं, सकाळी. आणि दिवा लागल्यावर झाडाला हात लावायचा नाही.

पेंढा जळत आला. झाली असेल पोपटी. तो तांब्या द्या इकडं. सरका थोडे. शिंपडते हं.

वाजलं? वाजलं का रे? ह्या वर्षी मला कानानं कमी ऐकू येतं. वाजलं ना? सगळ्यांनी सांगा, वाजलं ना?