दहाच्या दहा

— थांबा, थांबा, पुन्हा एकदा म्हणा. 'स्वस्तातला, पण आवाजाला चांगला.' वा! अगदीच वेगळी मागणी केलीत हो तुम्ही. बाकीची सगळी गिऱ्हाइकं महागातला आणि आवाजाला भिकार असाच शोधत येतात ना माझ्याकडे. बसा. त्या खुर्चीत नको, ती ऐकायची खुर्ची आहे, तिच्यात बसलं की माणूस डोळे मिटून मान डोलवायला लागतो आणि मग खरं बोलत नाही — ह्या स्टुलावर बसा. हं. तर आईचा जुना ॲम्प्लिफायर आहे, जुने स्पीकर आहेत, आणि हवाय स्ट्रीमर. अहो, कळतं मला, एवढं समजावून सांगू नका, दुकान माझं आहे. इंटरनेटवरून गाणं आणायचं आणि ॲम्प्लिफायरच्या हवाली करायचं, संपलं. पोस्टमनचं काम. पण ह्या पोस्टमनवर लोक काय काय लिहितात! वाचलंच असेल तुम्ही. वाचलंत ना? 'आवाजात ऊब आहे.' 'गायिका अगदी समोर येऊन उभी राहते.' उभी राहते म्हणे. माझ्याकडे तीस वर्षांत एक गायिका उभी राहिली नाही, उभे राहतात ते हे असे फोन हातात धरून.

आणि कोणी पाठवलं म्हणालात? ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याने? नाव नका सांगू, मला नाही ऐकायचं. ह्या वर्षातल्या तुम्ही पाचव्या. 'एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं, तिकडे जा.' कोण हा परोपकारी, देव जाणे. मी काय त्याला सांगायला गेलो होतो, की बाबा रे, माझ्या दुकानात माश्या मारायलाही माणूस नाही, तेवढे चार लोक धाड? असो. आलात ना, बसा.

हा बघा, समोरच्या फळीवर, हा मोठा. वजन बघा — उचला, उचला, दोन्ही हातांनी. ॲल्युमिनियमचं अंग आहे. पडदा आहे, पडद्यावर चित्र येतं, गाणं चालू असताना गाणं चालू आहे असं लिहून येतं, म्हणजे कानांवर विश्वास नसलेल्यांची सोय. एक बँकवाले साहेब माझ्याकडून हा घेऊन गेले. त्यांची गोष्ट ऐका — ते केबल जमिनीला टेकू देत नाहीत. खाली लाकडी ठोकळे लावलेत, वीतभर अंतरावर एकेक. का, तर जमिनीतून आवाज खराब होतो. बायको झाडताना ठोकळे सरकवते, त्यावरून घरात अबोला. परवा आले, म्हणाले, अबोला धरल्यापासून आवाज फार स्वच्छ येतो. मी म्हटलं, येणारच.

हा मधला. ह्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही, मधल्याबद्दल कधीच नसतं.

काय? तो? तो मागच्या फळीवरचा? तो नाही दाखवत मी. साबणाच्या वडीएवढा डबा, प्लास्टिकचा, पडदा नाही, बटण एकच. धूळ बसलीय ना? बसू दे. चार वर्षांत एकही विकला नाही. खराब आहे असं कुठे म्हटलं मी? मी म्हटलं, दाखवत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. — हां हां, त्या केबलींना हात लावू नका! ती पट्टी निघेल. हो, लेबल आहे ते, पांढऱ्या कापडी पट्टीचं. आणि कोपरा दुमडलाय तो मुद्दाम दुमडलाय, म्हणजे काढताना नखाने खरवडावं लागत नाही. दिसायला चुकल्यासारखं दिसतं. मीही हसायचो. धाकट्याची खोड. माझा भाऊ हो, दुकान आमचं दोघांचं होतं. आता नाही तो इथे. त्यामुळे दुकानात शांतता आहे, कोणी मध्ये नाक खुपसत नाही, मी सांगेन तो आवाज चांगला. मजा आहे माझी. सगळा वेळ माझा मला. चहासुद्धा एकच कप करावा लागतो.

ऐकून बघायचेत? दोन्ही? शेजारी शेजारी? कोणी शिकवलं हे तुम्हाला — त्या दुरुस्तीवाल्यानेच ना? हो, तशी सोय होती आमच्याकडे. ती वर दांडी दिसतेय ना, रिकाम्या कड्या लटकताहेत, तिथे पडदा असायचा. पडदा धुवायला दिलाय. कधी म्हणजे? दिलाय. चार — झाली असतील चारेक वर्षं. मळका होता फार.

बरं सांगतो, म्हणजे तुम्ही सारखं वर बघणार नाही. पडद्याची पद्धत धाकट्याने काढली. गिऱ्हाईक ऐकायच्या खुर्चीत, दोन डबे पडद्यामागे, एक महाग, एक स्वस्त, दोघांवर एकच गाणं. धाकटा मागे उभा राहून कधी हा लावणार, कधी तो, दहा वेळा, चिठ्ठ्या काढून, आणि तुम्ही प्रत्येक वेळी सांगायचं, मोठा की छोटा. लोकांची काय फजिती व्हायची म्हणून सांगू! कोणाला दहातले पाच बरोबर, कोणाला चार. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. मग धाकटा पडदा सारायचा आणि हळूच म्हणायचा, 'छोटा पुरेल तुम्हाला.' त्याला धंदा कळायचाच नाही. मी इकडे मोठ्याची तारीफ करून घसा कोरडा करायचो, आणि हा शेवटी येऊन चार शब्दांत पाणी ओतायचा. आणि लोक ऐकायचे त्याचं! का, तर तो हळू बोलायचा. हळू बोलणारा खरा वाटतो, हा अजून एक घोटाळा आहे जगात.

मग एका रविवारी डॉक्टर आले, डोळ्यांचे, आमचे जुने गिऱ्हाईक, बरोबर त्यांचे तीन-चार मित्र, सगळे ह्याच नादातले. डॉक्टर म्हणाले, 'तुम्ही कधी बसत नाही पडद्यासमोर?' मला म्हणाले! तीस वर्षं कान विकून खाल्लेल्या माणसाला! मी म्हटलं, बसतो की. मला मोठा डबा झोपेतही ओळखू येईल. आणि बसलो. दहा वेळा ऐकलं. दहाही वेळा बोट दाखवलं, हा मोठा, हा छोटा, अजिबात न अडखळता. धाकट्याने पडदा सारला, हातातला कागद बघितला, आणि म्हणाला, 'दादा, दहाच्या दहा.' मी डॉक्टरांकडे बघून मिशीत हसलो. तर म्हणाला, 'दहाच्या दहा चुकले.'

चार लोकांसमोर. हसले नाहीत कोणी, डॉक्टर तर घड्याळ बघायला लागले, ते जास्त लागलं मला. मी काय केलं असेल? जे कुठलाही माणूस करेल तेच. सांगितलं सगळ्यांना, ह्याने डबे बदलले. मला तोंडघशी पाडायला ह्याने मागच्या मागे अदलाबदल केली. लबाड आहे हा. म्हटलं तसं. आणि डॉक्टरांनी मान हलवली, त्यांचे मित्रही 'असं करायला नको होतं हो' म्हणाले. त्याच्याकडेच बघून. धाकट्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली, चहाचे कप विसळून पालथे घातले आणि गेला. तो गेला तो गेलाच. आता ह्यात माझं काय चुकलं, सांगा बरं? त्याने बदलले असतीलच ना डबे. त्याशिवाय असं होईलच कसं?

काय म्हणालात?

नाही, बोला, बोला, स्पष्ट बोला. — कान खराब असते तर दहातले पाच चुकले असते. हं. दहाच्या दहा चुकायला कान चांगलेच लागतात. हुशार आहात. गणिताच्या बाई आहात का कुठे? नाही? असो. म्हणजे मला प्रत्येक वेळी फरक ऐकू येत होता, हे कबूल करावं लागेल. येतच होता. फरक असतोच हो, आवाजाची पातळी जरा जरी वरखाली असली तरी जो डबा किंचित मोठ्याने वाजतो तो माणसाला चांगला वाटतो, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. 'गायिका समोर येते' ती त्यामुळेच. म्हणून तर धाकटा दर वेळी आधी ते आवाज मोजायचं यंत्र घेऊन बसायचा, दोन्ही डबे अगदी सारखे करून ठेवायचा, आणि मग कोणाला हात लावू द्यायचा नाही. तेव्हाही केले होते सारखे. मग डॉक्टरांची गाडी कोणाच्या तरी वाटेत आली म्हणून ते सगळे दारापर्यंत गेले, मागोमाग तोही गेला आणि फोन इथे टेबलावर, ॲप उघडंच, आणि दोनच तर पायऱ्या, दोन पायऱ्यांनी काय होतं, कोणाला कळणारही —

पाणी घेता?

नको? मला हवंय.

हो. मीच. आता निघालंच आहे तोंडातून तर ऐका पूर्ण. ॲपमध्ये दोन्ही डबे दिसायचे, 'एक' आणि 'दोन'. मोठा म्हणजे 'दोन', कायमचा. मी 'दोन'चा आवाज दोन पायऱ्या वर केला. ओळखायला सोपं जावं म्हणून, बास. मला मोठा डबा ओळखता आलाच असता, तीस वर्षं काढलीत, पण जिवाला धाकधूक नको म्हणून. आणि त्याच सकाळी धाकट्याने धूळ पुसताना दोन्ही डबे काढून नव्याने जोडले होते आणि मोठ्याला 'एक' नाव दिलं होतं. मला सांगितलं होतं का? — सांगितलं होतं. मी पेपर वाचत होतो. मी हं म्हणालो होतो. म्हणजे मी दोन पायऱ्या चढवल्या त्या छोट्याच्या. आणि तिथे बसून ती प्लास्टिकची साबणवडी वाजली की दर वेळी म्हणालो, हा मोठा, काय खोली आहे आवाजात!

आणि त्याला कळलं होतं ताई. फोन त्याच्याच हातात होता ना नंतर. दोन पायऱ्या वर गेलेल्या समोर दिसत होत्या. मी सगळ्यांसमोर त्याला लबाड म्हणत होतो तेव्हा तो त्या फोनकडेच बघत होता. नुसता तो फोन डॉक्टरांपुढे धरला असता तरी माझं दुकान त्या दिवशीच उठलं असतं. नाही धरला. मूग गिळून गेला. मला राग त्याचाच आहे. बोलला असता तर भांडलो असतो, चार दिवस तोंडं फिरवली असती, संपलं असतं. हा असा गेल्यावर मी कोणाशी भांडू, त्या बँकवाल्या साहेबांशी? दुपारी दुकानात कोणी नसतं तेव्हा मला त्याची फार आठवण येते. झालं तुमचं समाधान?

पडदा धुवायला दिलेला नाही. खाली कपाटात आहे, घडी करून.

जाऊ दे. तुमचं बोला. छोटा घ्या. हो, तोच, मागचा. थांबा, धूळ पुसतो. हे बघा, आईचा ॲम्प्लिफायर चांगला असेल तर हा पुरेल तुम्हाला, मोठ्याचे जास्तीचे पैसे त्या ॲल्युमिनियमचे आहेत. ॲप साधं आहे, वायफाय पकडतो, मध्येच गाणं सोडत नाही, अजून काय पाहिजे? आवाजात काही फरक नाही. नाही हो, मस्करी नाही करत. तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालो असेन हे वाक्य, नीट ऐकून घ्या, परत म्हणणार नाही.

आता तेवढा ॲम्प्लिफायरच्या मागच्या बाजूचा फोटो असेल तर दाखवा. असेल ना? हं. केबल कुठली द्यायची ते बघायला लागेल. छान, जागा आहे की रिकामी. काम नीट केलेलं दिसतंय, सॉकेट नवीन घातलेत, कुठे स्क्रू वाकडा नाही, दुरुस्तीवाला तुमचा बरा आहे म्हणायचा. आणि हे काय चिकटवलंय? जरा मोठं करा. अजून.

कोपरा दुमडलाय.

चष्मा — इथेच होता — द्या. 'छोटा डबा इथे.'

म्हणजे त्याने आधीच... अहो मग तुम्ही आलात कशाला इथे? काय घ्यायचं ते तर त्याने चिकटवूनच पाठवलंय! कुठेही मिळाला असता हा. ते आधीचे चौघे पण — ? काय सांगून पाठवलं तुम्हाला? नाही, जसंच्या तसं सांगा. एवढंच? 'डबा तिथूनच घ्या, आणि दादा काय म्हणतो ते नीट ऐकून या.'

'दादा' म्हणाला?

उठा. हा घ्या डबा, ही केबल. पैशांचं नंतर बघू, मला आत्ता आकडे दिसणार नाहीत. नाही, काही झालेलं नाही मला, दुकान बंद करतोय, हो, भरदुपारी, माझी मर्जी. ऐकलंत ना सगळं? मग जाऊन सांगा त्याला. दोन पायऱ्या, म्हणावं, दादाने चढवल्या. त्याला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून आलं असं सांगा. पुढचं काही विचारलं तर तुम्हाला माहीत नाही. निघा ताई. आणि जाताना तो स्टूल जरा इकडे सरकवा, त्या दांडीपर्यंत माझा हात पोचत नाही. पडदा नेहमी तोच लावायचा.