क्वीचं वय

(नाम दिन्ह. फ्रेंच सरकारच्या मजूर-तपासणी कचेरीचा व्हरांडा. न्हान ही शेतात मजुरी करणारी विधवा. खिएम हा तपासणी साहेबांचा दुभाषी.)

न्हान : कचेरी बंद झाली म्हणून काय झालं? तुमचं तोंड तर बंद झालं नाही ना! साहेबांबरोबर दक्षिणेला रबराच्या मळ्यावर जाऊन आलात. माझा क्वी दिसला की नाही?

खिएम : दिसला, मावशी. बसा आधी.

न्हान : बसायला नाही आले मी. कसा आहे?

खिएम : बारीक झालाय.

न्हान : बारीक तो इथंही होता. ताप येतो?

खिएम : येतो. तिकडं सगळ्यांनाच येतो.

न्हान : मग तुमच्या साहेबांनी तपासलं तरी काय?

खिएम : पाणी बघितलं, झोपड्या बघितल्या, भाताचं माप बघितलं. क्वीसमोर मात्र आपणहून थांबले. म्हणाले, हा अठराचा वाटत नाही. अठराच्या आतला मजूर करारावर ठेवता येत नाही, मावशी. लगेच घरी पाठवावा लागतो.

न्हान : मग पाठवला का नाही?

खिएम : मी त्याला जन्म विचारला. उंदराचं वर्ष, बारावा महिना, सव्वीस तारीख. बोटांवर मोजून साहेबांना सांगितलं, सोळा.

न्हान : देव तुमचं भलं करो!

खिएम : ऐका तर. मॅनेजरनं क्वीच्या गाठोड्यातून डोईपट्टीचा, माणशी कर भरल्याचा दाखला काढला. त्यावर अठरा. वर सरकारी शिक्का.

न्हान : अहो, ते आपल्या मोजणीचे अठरा! जन्मला तेव्हा एक, पाचसहा दिवसांत तेतचा सण आला, नवं वर्ष लागलं, झाली दोन. नाळ पडायची होती त्याची! तुम्हाला हे ठाऊक नाही? तुम्ही काय पॅरिसात जन्मलात?

खिएम : मला ठाऊक आहे. साहेबांनाही आहे.

न्हान : मग अडलं कुठं?

खिएम : साहेबांच्या मोजणीनं तो सुटतो. पण मग सरकारनं पोराकडून पुरुषाची पट्टी घेतली, असं होतं. आणि क्वी काय एकटा आहे? गावोगाव अशी पोरं आहेत. ते लिहायची साहेबांची छाती नाही. संध्याकाळी मॅनेजरकडं जेवण होतं. बदक होतं.

न्हान : तुम्हीही जेवलात?

खिएम : मागच्या पायरीवर बसून. हो.

न्हान : गिळवलं कसं तुम्हाला? पुरुष म्हणून पट्टी बसवली, ती भरायला पोरगा दलालाच्या कागदावर अंगठा देऊन गेला, आणि आता त्याच पट्टीच्या दाखल्यानं तिथं अडकला. वा रे सरकार!

खिएम : एक वाट आहे. गावप्रमुखानं लिहून द्यावं, पट्टीच्या यादीत नाव चढवताना वय चुकलं म्हणून. मग चूक गावाची ठरते, सरकारची नाही; साहेबांना सही करावीच लागेल. नाहीतर तीन वर्षांचा करार पुरा करूनच यायचा.

न्हान : त्याच्या पाया पडून आले. म्हणतो, मला सांगितलं तेच मी लिहिलं.

खिएम : खोटं बोलतो मेला. हे लोक आपल्या भावकीतली माणसं लपवतात आणि त्या जागी गरिबांची पोरं चढवतात. आपण त्याच्यावरच अर्ज करू. मनानंच वय लिहिलं, म्हणू. मी लिहितो, माझी नोकरी गेली तर गेली. तुम्ही फक्त शपथेवर सांगायचं, गावप्रमुखाला क्वीचं वय अठरा असं कुणी सांगितलं नव्हतं.

न्हान : शपथेवर नाही सांगता येणार मला.

खिएम : मावशी? कुणी सांगितलं होतं का?

न्हान : मी. दारात येऊन त्यानं विचारलं, पोरगा केवढा झाला गं? मी म्हटलं, अठरा! गडी झाला माझा. क्वी शेजारीच उभा होता. ऐकून असा ताठ झाला, केवढा उंच दिसला.