पायाखालची चावी

एका पायात नवा बूट घालून मास्तर दुसऱ्या बुटाची वाट बघत दुकानात बसले होते. शेजारच्या बाकावर आत्या-भाचीची जुंपली होती आणि मास्तरांच्या कानांना दुसरं काम नव्हतं.

“हे लाल घे. सोल बघ कसा भरभक्कम आहे.”

“असल्याच सोलने मागची शर्यत घालवली, आत्या. ब्रेक दाबायला गेले, तर ॲक्सिलरेटरही दाबला गेला.”

“रविवारी हरलीस तर तुझा बाप गाडी विकणार आहे.”

“म्हणून तर बूट बदलतेय. मी डोळे मिटते, तू गाडीची चावी माझ्या पायाखाली ठेव.”

“हे काय नवीन?”

“ठेव गं. छे, लाल बुटातून काहीच लागत नाही, गादीवर उभी असल्यासारखं वाटतंय. आता ते पातळ काळे दे.”

“त्यापेक्षा घरातल्या सपाता बऱ्या.”

“थांब, हे घालून बघते. हं, यातून कळतंय, चावीचे दाते डावीकडे आहेत.”

“आहेत खरे.”

“क्लच कुठे धरतो, ते पायाला असंच कळायला हवं.”

“चारचौघांत शोभा होईल.”

“चारचौघांना माझी मागची चाकं दिसतील.”

“अहो दुकानदार, लाल ठेवून द्या, काळे बांधा. आणि तू ती चावी उचल. सोमवारीही तुझ्याच पर्समध्ये दिसली पाहिजे मला.”